भूतकाळाला सुरुवात असलीच पाहिजे, हे कुणी ठरवलं?

कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापासून थोड्याथोडक्या अंतरावर दिगंबर जैन बोर्डिंग आहे, मुस्लिम बोर्डिंग आहे, लिंगायत समाजाचं बोर्डिंग आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सगळ्या समाजांच्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून महाराजांनी या वसतिगृहांना आधार दिला. आपण या चौकाकडे सामाजिक इतिहास म्हणून बघतो, ते योग्यच आहे. पण माणसाच्या विचारातला एक फार जुना वादही इथे शेजारीशेजारी नांदतो आहे, तिकडे आपलं लक्ष जात नाही. जैन दर्शन सांगतं की हे विश्व कुणी निर्माण केलेलं नाही. ते नव्हतं असा काळच कधी नव्हता. इस्लामी धर्मशास्त्राची मुख्य धारा सांगते की विश्व निर्माण झालं आणि त्याच्या काळाला पहिला क्षण होता. आणि पलीकडच्या गल्लीत कुणाकडे सत्यनारायण असेल, तर गुरुजी संकल्प सोडताना ब्रह्मदेवाचं दुसरं परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युगचक्र, त्यातलं कलियुग असा आजच्या दिवसाचा पत्ता सांगतात. म्हणजे या ब्रह्मदेवाचं निम्मं आयुष्य सरलेलं आहे, आणि पुराणांच्या हिशेबाने याच्या आधीही ब्रह्मदेव होऊन गेलेले आहेत.

यांतलं कोण बरोबर, हे मी सांगणार नाही, कारण ते आज कुणालाच सांगता येत नाही. मला म्हणायचं आहे ते वेगळं. भूतकाळ अनादि असू शकतो. त्यात तर्काला बाध येईल असं काही नाही. 'सुरुवात असलीच पाहिजे, नाहीतर बुद्धीला पटत नाही' हा दावा चुकीचा आहे, आणि 'सुरुवात झाली हे विज्ञानाने सिद्ध केलं' हा त्याहून मोठा चुकीचा दावा आहे. 'आमचं अनादि विश्व विज्ञानाने मान्य केलं' असं छाती पुढे काढून सांगणारेही त्याच रांगेत येतात.

हा प्रश्न दिवाणखान्यातल्या गप्पांपुरता राहिलेला नाही, म्हणून हा लेख. प्रवचनात, शाळेतल्या विज्ञान दिनाच्या भाषणात, फोनवर फिरणाऱ्या मजकुरात महास्फोट हा शब्द आता देवाच्या बाजूचा किंवा देवाविरुद्धचा पुरावा म्हणून सर्रास वापरला जातो. ऐकणारी पोरं पंधरा-सोळा वर्षांची असतात. त्यांना एक उघडा प्रश्न मिटलेला म्हणून देणं ही मला गंभीर गोष्ट वाटते.

आधी तर्काची बाजू बघू, कारण सुरुवातीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं सगळ्यात जुनं बळ तिथेच आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात फिलोपोनस नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने मुद्दा मांडला की अनंत भूतकाळ मानला तर मोठी विसंगती उभी राहते. पुढे अल-किंदी आणि नंतर अल-गझाली या अरबीत लिहिणाऱ्या विचारवंतांनी त्याला धार लावली. अल-गझाली यांनी ग्रहांच्या फेऱ्यांचं उदाहरण घेतलं, आणि ते आपल्या जिल्ह्यात समजावून सांगायला फार सोपं आहे. गुरू कन्या राशीत येतो तेव्हा नृसिंहवाडीला कन्यागत पर्वकाळ भरतो. २०१६ साली तो झाला. साधारण बारा वर्षांनी एकदा तो येतो, कारण गुरूला सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला जवळपास बारा वर्षं लागतात. आता गझालींचा प्रश्न असा: ही चक्रं अनादि काळ चाललेली असतील, तर वर्षं अनंत झाली आणि गुरूच्या फेऱ्याही अनंत झाल्या. पण वर्षं तर फेऱ्यांच्या बारापट असायला हवीत. मग दोन्ही सारख्याच अनंत कशा? बारापटही आणि सारखंही, हे एकदम कसं जमावं?

(ग्रहांचं वय साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण मुद्दा ग्रहांचा नाही. कुठलीही दोन अनादि चक्रं घेतली तरी प्रश्न तोच राहतो.)

हा प्रश्न खरोखर खोल आहे आणि त्याला उत्तर मिळायला सातशे-आठशे वर्षं जावी लागली. १६३८ मध्ये गॅलिलिओने दाखवलं की १, २, ३, ४ या संख्या आणि त्यांचे वर्ग १, ४, ९, १६ यांची एकास एक अशी जोडी लावता येते. एकही उरत नाही. वर्ग तर त्या संख्यांचाच एक छोटा भाग, तरी जोडी पुरी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत गेऑर्ग कँटरने यातून पूर्ण शास्त्र उभं केलं. मर्यादित ढिगाच्या बाबतीत 'जास्त' ठरवायच्या दोन कसोट्या नेहमी एकच उत्तर देतात: एक ढीग दुसऱ्याचा भाग आहे का, ही एक, आणि जोड्या लावल्यावर काही उरतं का, ही दुसरी. अनंताच्या बाबतीत या दोन कसोट्या वेगळ्या होतात. कुठलीही मर्यादित शतकं निवडा, वर्षं फेऱ्यांच्या बारापटच भरतील. सगळा अनादि भूतकाळ घ्या, तर जोडी एकास एक लागेल. दोन वेगळ्या कसोट्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली, यात विसंगती कुठे आली? एकच गोष्ट एकाच अर्थाने खरी आणि खोटी ठरली तरच ती विसंगती. इथे तसं काहीच होत नाही.

आपल्याकडे हे पचवायची मानसिक तयारी बरीच आधी होती, याचा मला खरंच आनंद वाटतो. जैन ग्रंथकारांनी संख्यांचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे वर्ग पाडले, अनंताचेही प्रकार केले, आणि सगळे अनंत सारखे नसतात असं मानलं. कँटरने जे सिद्ध केलं ते त्यांनी सिद्ध केलं होतं, असं मी म्हणणार नाही; सिद्धता कँटरचीच. पण अनंताला घाबरून पळायचं नाही, त्याच्याशी हिशेब मांडायचा, ही वृत्ती त्यांची होती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागून येणाऱ्या खहर राशीबद्दल लिहिलं की तिच्यात कितीही मिळवा किंवा तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही. प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी असंख्य प्राणी अच्युतात शिरतात आणि बाहेर येतात, तरी तो जसाच्या तसा राहतो, तशी. आजचं गणित शून्याने भागायला परवानगी देत नाही, हे खरं. पण अनंतात भर घातली तरी ते तेवढंच राहतं, या वागण्याला त्यांनी अशक्य म्हटलं नाही. त्याचं वर्णन केलं. डाव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने विसाव्या शतकात अनंत खोल्यांच्या भरलेल्या हॉटेलात प्रत्येक पाहुण्याला पुढच्या खोलीत सरकवून नवा पाहुणा सामावून दाखवला. १९७९ साली विल्यम लेन क्रेग या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने हेच हॉटेल उलट्या बाजूने वापरलं: असं हॉटेल हास्यास्पद आहे, म्हणून प्रत्यक्षात अनंत काही असूच शकत नाही, म्हणून भूतकाळाला सुरुवात आहे. विचित्र वाटणं आणि अशक्य असणं यांत जे अंतर आहे, ते या युक्तिवादात पार केलेलंच नाही. शिवाय हॉटेलातले पाहुणे खोल्या बदलू शकतात. गेलेले दिवस जागा बदलत नाहीत.

दुसरा युक्तिवाद जास्त लोकप्रिय आहे, कारण तो ऐकताक्षणी पटतो. 'भूतकाळ अनंत असता, तर आजचा दिवस उगवलाच नसता. अनंत दिवस ओलांडून आजपर्यंत कोण पोचेल?' या प्रश्नाने मी मी म्हणणाऱ्यांना गप्प होताना पाहिलं आहे. त्यांना गप्प व्हायचं कारण नव्हतं. ओलांडणं म्हणजे एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत जाणं. आजपर्यंत पोचायचं, ते कुठून? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात नकळत एक दिवस असतो, जो आजपासून अनंत दूर आहे आणि जिथून कुणीतरी चालायला सुरुवात केली. पण सुरुवात नसलेल्या भूतकाळात असा दिवसच नाही. त्यातला कुठलाही दिवस निवडा, तो आजपासून मर्यादित अंतरावर असेल: हजार वर्षं, लाख वर्षं, परार्ध वर्षं, पण मर्यादितच. ऋण संख्यांचं तसंच असतं. उणे एक, उणे दोन, उणे तीन ही मालिका कधी संपत नाही, पण तिच्यात 'उणे अनंत' नावाची संख्या बसलेली नसते. म्हणजे जो प्रवास अशक्य म्हणून दाखवला जातो, तो अनादि भूतकाळाने कधी मागितलेलाच नाही.

हे उत्तर माझं नाही, आधुनिकही नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने जवळपास याच शब्दांत ते दिलं. त्याची श्रद्धा होती की जगाला सुरुवात आहे, कारण धर्मग्रंथ तसं सांगतो. तरीही त्याने बजावलं की ही गोष्ट श्रद्धेची आहे, बुद्धीने सिद्ध करता येत नाही, आणि श्रद्धाळू माणसाने कच्चे पुरावे देऊन आपल्याच श्रद्धेला हसू आणू नये. स्वतःच्या निष्कर्षाच्या बाजूचा कच्चा पुरावा स्वतः बाजूला काढणं किती अवघड असतं, हे वाद घातलेल्या प्रत्येकाला कळेल. अल-गझालींना त्यांच्याच परंपरेतल्या इब्न रुश्दने उत्तर दिलं, हेही लक्षात ठेवायला हवं. म्हणजे हा वाद पूर्व आणि पश्चिम असा नव्हता, धर्म आणि अधर्म असाही नव्हता. प्रत्येक परंपरेच्या आत तो पेटता होता. आपल्याकडे मीमांसा दर्शनाचे मीमांसक म्हणत की जग असं नव्हतं असा काळ कधीच नव्हता, तर न्यायदर्शनाचे नैयायिक जगाचा कर्ता अनुमानाने सिद्ध करू बघत होते. बुद्धाने तर लोक, म्हणजे हे जग, शाश्वत आहे की अशाश्वत, या प्रश्नाला उत्तर द्यायचंच नाकारलं.

तिसरा मुद्दा कारणांच्या साखळीचा. प्रत्येक गोष्टीला आधीचं कारण, त्याला त्याच्या आधीचं, असं मागे मागे जात राहिलं तर कुठेच टेकता येत नाही, म्हणून पहिलं कारण मानावंच लागतं, असं म्हणतात. आपल्या नैयायिकांनी आणि वेदान्त्यांनी यावर जो विचार केला आहे, त्याहून नेमका विचार मला अजून कुठे सापडलेला नाही. अशा मागे जाण्याला ते अनवस्था म्हणतात, पण सगळ्या अनवस्था सारख्या नसतात, असंही सांगतात. जी मुळालाच खाते ती दोषाची. बी आणि अंकुर यांची मात्र दोषाची नाही. घरातल्या विरजणावर हे लगेच कळतं. आज दही लावायला विरजण नाही म्हणून मी शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांच्याकडेही नाही, त्या पलीकडच्या वहिनींकडे मागणार, त्यांच्याकडेही नाही. ही रांग अनंत असली तरी कुणाच्याच घरी दही लागणार नाही, कारण कुणाकडेच विरजण नाही, नुसती मागणी पुढे सरकते आहे. ही मुळाला खाणारी अनवस्था. आता दुसरी रांग बघा: आजचं दही कालच्या विरजणाने लागलं, कालचं परवाच्या, आणि असंच मागे मागे. या रांगेत प्रत्येक दिवशी घरात दही आहे. रांगेला पहिला दिवस नसला तरी कुठल्याही दिवशी भांडं रिकामं नाही. पहिल्या रांगेवरून काढलेला निष्कर्ष दुसरीला लावणं ही चूक आहे, आणि पहिल्या कारणाचे बहुतेक लोकप्रिय युक्तिवाद नेमकी हीच चूक करतात. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात संसार अनादि मानून बीजांकुराचाच आधार घेतला, आणि ते काही निरीश्वरवादी नव्हते.

मला खरोखर अडवणारा युक्तिवाद एकच आहे, आणि तो अलीकडचा आहे. त्याचं कोल्हापुरी रूप करून सांगते. अंबाबाईच्या देवळात दर वर्षी किरणोत्सव होतो, मावळतीची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात. समजा असा उत्सव अनादि काळापासून चालत आलाय, आणि तिथे एक वही आहे. नियम असा की प्रत्येक वर्षीच्या सेवेकऱ्याने वही बघायची. आधी कुणाचीच सही नसेल तर आपली करायची, असेल तर काही करायचं नाही. आता वहीत सही आहे का? समजा अमुक वर्षाची आहे. म्हणजे त्याआधी कुणीच सही केली नव्हती. पण मग त्याच्या आदल्या वर्षीच्या सेवेकऱ्यालाही वही कोरीच दिसली असणार, त्याने का नाही केली? बरं, कुणाचीच नाही म्हणावं, तर प्रत्येकाने नियम मोडला. सही आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. यावरून काही तत्त्वज्ञ म्हणतात की अनादि भूतकाळच अशक्य.

मी यावर बराच विचार केला आहे. माझ्या मते या कोड्याने अशक्य ठरतो तो नियमांचा संच. सुरुवात नसलेल्या रांगेत प्रत्येकाने हा नियम पाळला, असं चित्र स्वतःशीच भांडतं, म्हणून असं चित्र कधी नव्हतं, इतकंच सिद्ध होतं. वही नसलेला, हा नियम नसलेला अनादि भूतकाळ त्याने अशक्य ठरत नाही. समोरची बाजू यावर म्हणते की प्रत्येक सेवेकरी एकेकटा हा नियम पाळायला मोकळा होता, मग सगळ्यांना मिळून कुणी अडवलं? हा प्रतिप्रश्न पोकळ नाही. पण एकेकट्याला शक्य असलेलं सगळ्यांना एकत्र शक्य असेलच, असा तर्कशास्त्राचा कुठलाही नियम नाही. ज्यांना हे उत्तर पुरत नाही, त्यांच्याशी मी आनंदाने आणखी वाद घालीन. असा वाद चालू असणं म्हणजेच प्रश्न मिटलेला नाही.

आता विज्ञान. इथे कोल्हापूरकरांना आपलेपणाचं एक नाव आहे. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला सापेक्षता शिकवणारे गणितज्ञ. मामा वसंत शंकर हुजूरबाजार हे मोठे संख्याशास्त्रज्ञ, तेही इथलेच. जयंतराव केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याकडे गेले. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली स्थिर-स्थितीचा सिद्धांत मांडला होता: विश्व प्रसरण पावतं, पण मधल्या जागेत नवं द्रव्य अतिशय मंद गतीने निर्माण होत राहतं, म्हणून ते सर्व काळी साधारण सारखंच दिसतं, आणि त्याला सुरुवात नाही. महास्फोटाला 'बिग बँग' हे नाव १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर हॉईल यांनीच दिलं. पुढे दूरच्या रेडिओस्रोतांची मोजणी या सिद्धांताशी जुळेना. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांच्या शोधाची बातमी आली: आकाशाच्या सर्व दिशांनी येणारं, आज निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर असलेलं प्रारण (रेडिएशन). विश्व एके काळी तप्त आणि घन होतं, याची ती खूण होती. हेलियमसारख्या हलक्या मूलद्रव्यांचं प्रमाणही त्याच दिशेने बोट दाखवत होतं. १९९३ साली हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित रूप मांडलं, ज्यात विश्व चाळीस-पन्नास अब्ज वर्षांच्या आवर्तनांतून आकुंचन-प्रसरण पावत अनादि काळ चालत राहतं. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि पुरावा पाहता त्यांचं न पटणं रास्त होतं, हे मी नारळीकरांबद्दलच्या सगळ्या आदरासह म्हणते.

पण त्यातून काय सिद्ध झालं, याची मांडणी नीट व्हायला हवी. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी आपलं दृश्य विश्व अतितप्त, अतिघन अवस्थेत होतं, हे सिद्ध झालं. त्या अवस्थेच्या आधी काहीही नव्हतं, हे सिद्ध झालेलं नाही. दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात, त्यांच्यात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे. १९५५ साली कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी एक समीकरण मांडलं, जे सांगतं की गुरुत्वाकर्षणाखाली द्रव्याचे मार्ग एकमेकांकडे कसे वळतात. त्याच्या पायावर पेनरोज आणि हॉकिंग यांनी १९६५ ते १९७० या काळात प्रमेयं सिद्ध केली: आइन्स्टाइनची सापेक्षता जशीच्या तशी मागे लावत गेलं, तर एका टप्प्यावर काळाच्या रेषा तुटतात. पण त्या टप्प्याच्या आधीच ही सापेक्षता लागू राहत नाही. एका सेकंदाचे १ वर ४३ शून्यं इतके भाग केले, तर त्यातल्या साधारण एका भागाएवढ्या काळात पुंजभौतिकीशिवाय (क्वांटम फिजिक्सशिवाय) काहीच सांगता येत नाही, आणि गुरुत्वाकर्षणाची पुंजभौतिकी अजून पुरी झालेली नाही. समीकरण जिथे मोडतं तिथे विश्व सुरू झालं असं म्हणणं म्हणजे नकाशा जिथे संपतो तिथे जमीनही संपते, असं मानणं आहे.

मूळच्या शिरपूरच्या अभय अष्टेकर या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अशा एका अपुऱ्या पण गंभीर सिद्धांतातून गणित करून दाखवलं की मागे जाताना विश्व बिंदूत मिटत नाही. घनता एका मर्यादेपर्यंत वाढते आणि त्याआधीचं आकुंचन पावणारं विश्व दिसू लागतं. पेनरोज यांनी एकामागून एक कल्पांची वेगळीच मालिका सुचवली आहे. उलट बाजूला २००३ साली बोर्डे, गुथ आणि विलेंकिन या भौतिकशास्त्रज्ञांचं प्रमेय आलं: जे विश्व सरासरीने प्रसरणच पावत आलं आहे, त्यातले मार्ग मागे अनंत काळ वाढवता येत नाहीत. विलेंकिन यावरून सुरुवातीकडे झुकतात. त्याच प्रमेयाचे भागीदार गुथ यांनी मात्र विश्व बहुधा अनादि असावं, पण नक्की कुणालाच माहीत नाही, असा कल दाखवला आहे. एकाच प्रमेयाचे दोन कर्ते त्याच्या अर्थाबद्दल वेगळ्या दिशांना बघत असतील, तर आपल्या गावच्या व्यासपीठावरून 'सिद्ध झालं' म्हणायचा अधिकार कुणाला कसा मिळतो?

अनादि विश्वाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एका गोष्टीला उत्तर द्यायला हवं, आणि ती त्यांना टाळता येणार नाही. उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो की बंद व्यवस्थेत एन्ट्रॉपी, म्हणजे सोप्या शब्दांत ऊर्जेचा पसारा, घटत नाही. अनंत काळ लोटला असेल, तर सगळं केव्हाच एकसारखं कोमट होऊन थांबायला हवं होतं. तारे जळत असायला नको होते. अमेरिकेतल्या रिचर्ड टोलमन यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं की आकुंचन-प्रसरणाची चक्रं मानली, तरी एन्ट्रॉपी साठत जाऊन प्रत्येक चक्र आधीच्यापेक्षा मोठं होतं. म्हणजे मागे जाताना चक्रं लहान होत जातात आणि सुरुवात पुन्हा डोकं वर काढते. नवं द्रव्य सतत येत राहतं, हे स्थिर-स्थितीचं उत्तर होतं. पेनरोज यांचं वेगळं आहे. कुठलंच सर्वमान्य नाही. माझ्या दृष्टीने अनादि भूतकाळासमोरचा खरा अडथळा हा आहे: तो तर्काचा नाही, भौतिकीचा आहे, आणि म्हणून तो निरीक्षणांनी आणि गणितानेच सुटेल. तरीही माझा स्वतःचा कल अनादि भूतकाळाकडे आहे. पण कल आणि निष्कर्ष यांची गल्लत मी करणार नाही.

राहिला देव. बहुतेकांना या वादात रस असतो तो त्यामुळेच. लोकांना वाटतं, सुरुवात सिद्ध झाली की देव सिद्ध, आणि सुरुवात नाही म्हटलं की देव बाद. दोन्ही चूक. नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात जिनसेनाचार्यांनी सृष्टिकर्त्याच्या कल्पनेवर कडक प्रश्न उभे केले: देवाने जग केलं म्हणता, तर करण्याआधी तो कुठे होता, आणि कशापासून केलं? त्यांचं विश्व अनादि आणि कर्त्याविना. शंकराचार्यांचा संसारही अनादि, पण ईश्वरासह. अक्वायनसच्या मते अनादि विश्वसुद्धा प्रत्येक क्षणी देवावर अवलंबून राहू शकतं. आणि जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सने विचारलेला प्रश्न अनादि विश्वालाही लागतो: साखळीतल्या प्रत्येक कडीला आधीची कडी कारण असेल, पण मुळात साखळी आहे तरी का? सुरुवात काढून टाकली तरी हा प्रश्न उरतो, सुरुवात ठेवली तरी उरतो. म्हणजे देवाचा प्रश्न आणि सुरुवातीचा प्रश्न एकमेकांना बांधलेले नाहीत. महास्फोटाच्या कल्पनेचा एक जनक जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी या सिद्धांताला जगाच्या निर्मितीशी जोडलं, तेव्हा सगळ्यात जास्त अस्वस्थ झाला तो लमेत्र. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून अलग आहे, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते त्याने शेवटपर्यंत धरून ठेवलं.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. त्यांच्या नावाने कोल्हापुरात काही व्हावं, असं मलाही वाटतं. पण फलकाआधी मला एक साधी गोष्ट हवी आहे. विज्ञान दिनाच्या भाषणात, खगोलमंडळाच्या कार्यक्रमात, प्रवचनातसुद्धा, 'विश्वाच्या आधी काय होतं?' असं एखाद्या मुलीने विचारलं, तर तिला १,३८० कोटी वर्षांपर्यंतचं जे ठाऊक आहे ते आकड्यांसह सांगावं. त्याच्या पलीकडे सुरुवात असेलही, नसेलही, दोन्हींत तर्काला बाध नाही, आणि यावर अष्टेकरांपासून विलेंकिनपर्यंत माणसं आजही काम करत आहेत, हेही सांगावं. मग तिने शेजारच्या बोर्डिंगमधल्या मैत्रिणीशी त्यावर हवा तितका वाद घालावा. तिला गप्प करायला कुणी 'मग आज उगवला कसा?' म्हणालं, तर 'कुठल्या दिवसापासून मोजताय?' एवढं तरी तिला उलट विचारता यावं.